पोराला झुकझुकगाडी दाखवायचीय? मग तिचा इतिहासही जरा ऐका

मंडळी, एप्रिल उजाडला की एक प्रश्न हमखास येतो. "आमचा बारका तीन वर्षांचा आहे, दिवसभर झुकझुकगाडी झुकझुकगाडी करतो, त्याला खरी गाडी बघायला कुठं न्यावं?" कुणी माथेरान म्हणतं, कुणी पेशवे पार्कातली फुलराणी, कुणी बोरिवलीची वनराणी, तर कुणी रेल्वे सप्ताहातलं एखादं प्रदर्शन सुचवतं. सगळी उत्तरं बरोबर आहेत. पण प्रत्येक उत्तराला कुणीतरी खाली विचारतंच, "ती सध्या चालू आहे का?" माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. मुलांसाठी चालणाऱ्या गाड्या आपल्याकडे सारख्या "सध्या बंद" का असतात?

हे समजायला थोडं मागं जावं लागेल. लेख लांब आहे, पण चहा घेऊन बसा. सुट्टीत पोराला गाडी दाखवायला नेणार असाल तर त्याला सांगायला चार गोष्टीही मिळतील.

सुरुवात अर्थात १६ एप्रिल १८५३ पासून. बोरीबंदर ते ठाणे, २१ मैल म्हणजे ३४ किलोमीटर. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी १४ डब्यांची गाडी सुटली, तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडलेली होती. २१ तोफांची सलामी झाली, बँड वाजला, मुंबईत त्या दिवशी सुट्टी होती. आत बसले होते सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे. या देशात रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून खटपट करणारे आपले नाना शंकरशेठही त्यात होते. नीट बघितलं तर पहिला प्रवास हा प्रवास नव्हताच, तो एक सोहळा होता. ठाण्याला कुणाला कामाला जायचं नव्हतं. लोक गाडी बघायला आले होते आणि थोडे भाग्यवान तिच्यात बसायला. म्हणजे "गाडी बघायला जाणं" हा प्रकार आपल्याकडे रेल्वेइतकाच जुना आहे, एका दिवसानंही धाकटा नाही. रेल्वे दर वर्षी १० ते १६ एप्रिल सप्ताह साजरा करते, तो याच तारखेमुळं.

पण त्या सोहळ्यात लहान मुलं कुठं होती? सामान्य घरातली मुलं तर घरातच दडवलेली. बैलाशिवाय, घोड्याशिवाय चालणारी गाडी म्हणजे भुताटकी, असा समज होता. लोकांनी तिला "चाक्या म्हसोबा" असं नाव ठेवलं होतं. मोठा पूल बांधायचा तर पायात बळी द्यावा लागतो, त्यासाठी माणसं, पोरं पळवतात, अशा आवया उठायच्या. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी जुन्या पिढीकडून कानावर आलेल्या त्या काळच्या गमती आणि धास्ती लिहून ठेवल्या आहेत. आज हसू येतं. पण विचार करा, जिच्या भीतीनं आईनं पोराला पदराखाली घेतलं, तीच गाडी शंभर वर्षांत पोराच्या हट्टाचा विषय झाली. हा बदल आपोआप झाला नाही. तो लहान गाड्यांनी केला.

आता लहान गाड्यांची गोष्ट. ज्यांना आपण आज प्रेमानं "टॉय ट्रेन" म्हणतो, त्यातली एकही सुरुवातीला मुलांसाठी बांधलेली नव्हती. नॅरोगेज ही गरिबाची रेल्वे होती. रूळ जवळजवळ, इंजिन हलकं, पूल छोटे, वळणं तीव्र, त्यामुळं खर्च कमी. जिथं मोठी लाइन टाकणं परवडत नाही तिथं ही टाकायची.

याचं जगात गाजलेलं उदाहरण आपल्या सोलापूर जिल्ह्यात होतं, बार्शी लाइट रेल्वे. एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर होता. मोठ्या लाइनवरच्या बार्शी रोड स्टेशनापासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शी सुमारे ३५ किलोमीटर. बार्शीची बाजारपेठ मोठी, कापूस आणि गळिताचं धान्य बैलगाड्यांनी स्टेशनापर्यंत जायचं. कॅलथ्रॉपनं हिशेब मांडला की प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, इंजिनाचा नाही आणि वाघिणीचाही नाही. मग हलके रूळ पुरतात. रुळांतलं अंतर फक्त अडीच फूट. १८९७ मध्ये गाडी सुरू झाली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. एकूण ३२५ किलोमीटरच्या आसपास लाइन झाली, आणि आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी ती अशी भरायची की डब्यात पाय ठेवायला जागा नसायची. हाच कॅलथ्रॉप पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवण्यासाठीही ओळखला गेला, पण आपल्यासाठी तो बार्शी लाइनवालाच.

दुसरी माथेरानची. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट त्या डोंगरावर गेले आणि साहेबांना थंड हवेची जागा सापडली. पण वर जायचं कसं? घोड्यावरून, पालखीतून, नाहीतर चालत. मुंबईचे मोठे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी रेल्वे बांधायचं मनावर घेतलं आणि वडिलांनी पैसा घातला. १९०४ ला काम सुरू झालं, १९०७ ला गाडी वर पोचली. खर्च सुमारे १६ लाख रुपये, त्या काळचे! रुळांतलं अंतर फक्त दोन फूट. नेरळ ते माथेरान साधारण २० किलोमीटर, काही ठिकाणी २० फुटाला एक फूट असा चढ. मोठ्या रेल्वेच्या माणसाला हे ऐकून घाम फुटेल. ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीकडून मुद्दाम अशी चार इंजिनं घेतली होती की ज्यांचे पुढचे-मागचे आस वळणावर थोडे सरकू शकत. त्यातलं एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. दिल्लीला गेलात तर पोराला सांगा, हे आपल्याकडचं.

आता गंमत बघा. माथेरानला मोटारी चालत नाहीत. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढं पायी, घोड्यावर, नाहीतर या गाडीत. म्हणजे ही पर्यटकांचीच गाडी नाही. वरच्या लोकांच्या भाजीची, दुधाची, आजारी माणसाचीही ती वाट आहे. मुलांना मात्र तिच्यात वेगळंच काहीतरी दिसलं. डबा त्यांच्या मापाचा, खिडकी त्यांच्या उंचीला, वेग इतका कमी की बाहेरचं माकड बघून होईपर्यंत ते मागं पडत नाही. मोठ्यांच्या गरजेतून बांधलेली गाडी मुलांनी आपली करून टाकली.

तिसरी गोष्ट आपल्या पुण्याची, आणि इथं पहिल्यांदा मूल हा स्वतःच्या हक्काचा प्रवासी झाला. ८ एप्रिल १९५६ ला पेशवे पार्कात फुलराणी सुरू झाली. कुठून कुठं जाते? कुठंच नाही. बागेला फेरी मारते आणि परत येते. ना कापूस, ना वारकरी, ना थंड हवा. निव्वळ आनंद. स्वातंत्र्याला नऊ वर्षं होत आलेली, देशात धान्याची चणचण, पैशाची ओढाताण, आणि अशा काळात एका महापालिकेनं मुलांसाठी रूळ टाकले. आज कुणी महापालिकेच्या सभेत असा विषय आणला तर "आधी खड्डे बुजवा" म्हणून आरडाओरडा होईल. तेव्हा खड्डे नव्हते असं थोडंच आहे! पण शहरानं मुलांसाठीही काही खर्च करायचा असतो ही जाण होती. पार्कातले प्राणी पुढं कात्रजला गेले, बागेचं रूप बदललं, फुलराणी मात्र राहिली. आज आजोबा नातवाला जिच्यात बसवतात, तिच्यात ते स्वतः लहानपणी बसलेले असतात. पुण्यात अशा किती गोष्टी उरल्यात, मोजा.

फुलराणी म्हटलं की बालकवी आठवतात. त्र्यंबक बापूजी ठोमरे. या नावाची कविता त्यांचीच. पण त्यांचा शेवट कसा झाला हे गाडीत बसणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं. ५ मे १९१८ ला जळगावजवळ भादली स्टेशनाशी रुळांवर रेल्वेच्या अपघातात ते गेले. वय अवघं २७. ज्या कवीच्या फुलराणीचं नाव आपण मुलांच्या गाडीला दिलं, त्याला रेल्वेनंच नेलं.

हे उगाच सांगत नाही. रूळ हा खेळ नाही, ही गोष्ट मुलाला कुठंतरी शिकवायला हवी की नको? मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांतही दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात. त्यात मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा. आपण फाटकाखालून वाकून जातो, पोराचा हात धरून जातो, आणि तेच ते शिकतं. म्हणून मुलाला गाडी दाखवणं ही चैन नाही असं मी म्हणतो. गाडी सुटायच्या आधी शिटी का वाजते, लाल बावटा म्हणजे काय, एवढं मोठं इंजिन पटकन का थांबत नाही, हे तीन-चार वर्षांच्या मुलाला हळू चालणाऱ्या लहान गाडीपाशी जितकं कळतं तितकं शाळेतल्या तक्त्यावरून कळत नाही.

एक अनुभव सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी साडेतीन वर्षांच्या भाचीला घेऊन रेल्वेच्या वारशाचा एक सहकुटुंब कार्यक्रम बघायला गेलो होतो. कुठं, कुणाचा, ते सोडा. पत्रिकेवर इंजिनाचं चित्र, "बालगोपाळांसह या" असं आमंत्रण. गेल्यावर बघतो तर मांडव, खुर्च्या आणि भाषणं. पाहुणे उशिरा आले, मग दीपप्रज्वलन, शाली, नारळ, मनोगतं. बाजूला एक सुंदर जुनं इंजिन रंगरंगोटी करून उभं, पण त्याला दोरी बांधलेली. मुलं दोरीपाशी गेली की स्वयंसेवक "ए, मागं व्हा" करून ओरडत. पाण्याची सोय नाही, स्वच्छतागृह लांब. तासाभरात निम्मी मुलं रडत होती आणि आईबाप बाहेर पडायची वाट शोधत होते.

तेवढ्यात एक निवृत्त गार्डकाका आले. त्यांचं नाव पत्रिकेवर नव्हतं. त्यांनी पिशवीतून लाल आणि हिरवा असे दोन बावटे काढले आणि मुलांची रांग लावली. "मी हिरवा दाखवला की झुकझुक, लाल दाखवला की थांबायचं. जो थांबणार नाही तो पुढच्या स्टेशनावर उतरणार." दहा मिनिटांत वीस-पंचवीस मुलांची गाडी मांडवाला फेऱ्या मारायला लागली. आमची पोरगी अजून रस्ता ओलांडताना मला "मामा, लाल" म्हणून थांबवते. भाषणांवर जो काय खर्च झाला असेल तो असो, त्या दिवसाचं फळ म्हणजे ते दोन बावटे.

आता जरा देशाबाहेर बघू, कारण हाच प्रश्न दुसऱ्यांनी कसा सोडवला हे कळायला हवं. ब्रिटनमधल्या वेल्स भागात टॅलिलिन नावाची छोटी नॅरोगेज लाइन आहे. १८६० च्या दशकातली, पाटीचा दगड खाणीतून वाहायला बांधलेली. खाण बंद पडली, १९५० मध्ये मालक वारला, लाइन भंगारात जाणार हे ठरल्यासारखंच. तेव्हा टॉम रोल्ट या लेखकानं बर्मिंगहॅमला सभा बोलावली आणि हौशी लोकांनी एकत्र येऊन ती चालवायला घेतली. १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी गाडी सोडली. हौशी माणसांनी वाचवलेली जगातली ही पहिली रेल्वे.

तिथं राबायला येणाऱ्या सुरुवातीच्या स्वयंसेवकांत एक पाद्री होते, रेव्हरंड ऑड्री. त्यांच्या मुलाला गोवर झाला होता, अंथरुणावर पडलेल्या त्या पोराला रमवायला ते इंजिनांच्या गोष्टी सांगत. त्या गोष्टींचं पहिलं पुस्तक १९४५ ला आलं आणि दुसऱ्यात, १९४६ ला, थॉमस नावाचं निळं इंजिन अवतरलं. तोच थॉमस, जो आज आपल्या पोरांच्या मोबाइलवर आणि दप्तरावर असतो. टॅलिलिनवरून सुचलेली इंजिनंही पुढच्या पुस्तकांत आली.

पुढं झालं ते महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत अशा जुन्या, हौशी लाइनी आता "थॉमसबरोबर एक दिवस" अशा नावाचे सहकुटुंब कार्यक्रम करतात. खऱ्या इंजिनाला थॉमसचा चेहरा लावतात, मुलं येतात, फेरी मारतात, आईबाप तिकीट काढतात, खाऊ घेतात. नाताळला सांताक्लॉजची गाडी सोडतात. अशा काही दिवसांच्या गर्दीवर अनेक लाइनींचं वर्षाचं गणित उभं असतं. इंजिनाचा बॉयलर दुरुस्त होतो तो या तिकिटांतून. म्हणजे मुलांसाठी केलेला कार्यक्रम हा वारशाच्या कामातला फालतू भाग नाही, तोच बऱ्याचदा वारसा जगवतो. आणि त्या मुलांतलीच काही मोठी होऊन पुन्हा स्वयंसेवक म्हणून येतात.

आता आपल्याकडचा हिशेब मांडा.

बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारकडं आली आणि या शतकाच्या सुरुवातीपासून टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. यात वाईट काही नाही, उलट ते व्हायलाच हवं होतं. लातूरकरांना मुंबईची थेट गाडी हवी होती. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती याच मार्गानं. अडीच फुटी रुळांवरून तेवढं पाणी गेलं नसतं. त्यामुळं "जुनं ते सोनं" म्हणून रडणाऱ्यांतला मी नाही. पण एवढ्या ३२५ किलोमीटरमधले चार-पाच किलोमीटर, एखादं इंजिन, चार डबे चालत्या स्थितीत ठेवले असते तर? पंढरपूरला वर्षभर लाखो माणसं कच्च्याबच्च्यांसह येतात. ज्या गाडीनं त्यांचे पणजोबा वारीला आले, तिच्यात पोराला बसवायला कोण नाही म्हणाला असता?

विदर्भातली शकुंतला तर अजून हळहळ लावते. मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर. वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी खासगी कंपनीनं बांधलेली आणि स्वातंत्र्यानंतरही कंपनीच्याच मालकीची राहिलेली लाइन. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिथं १९२३ पासून १९९४ पर्यंत चालत होतं, म्हणजे सत्तर वर्षं! मग डिझेल आलं, मग वेग कमी होत गेला, मग एकेक करून गाड्या बंद पडल्या. तिथल्या गरीब प्रवाशाला ती एसटीपेक्षा स्वस्त पडायची, त्यामुळं हा निव्वळ आठवणींचा विषय नाही. तिथले लोक ब्रॉडगेज मागतात, ते बरोबरच आहे. पण मागणी पुरी होईपर्यंत जुनंही गेलं, नवंही नाही, ही आपली नेहमीची रीत.

माथेरानचं बघा. २६ जुलै २००५ च्या पावसात लाइन वाहून गेली, २००७ मध्ये शतकाच्या तोंडावर पुन्हा सुरू झाली. मे २०१६ मध्ये डबे घसरले, गाडी बंद. पुन्हा पूर्ण सुरू व्हायला २०१८ उजाडलं. २०१९ च्या पावसानं परत रूळ नेले, नेरळपासून वरपर्यंत गाडी जायला ऑक्टोबर २०२२ लागला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली वनराणी मे २०२१ च्या तौक्ते वादळात बंद पडली, आणि पुढची कित्येक वर्षं तिच्या स्टेशनावर मुलं नुसती बघून परत जात होती. वादळ, पाऊस कुणाच्या हातात नसतो, कबूल. पण दुरुस्तीला महिना लागतो की तीन वर्षं, हे माणसाच्या हातात असतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "तोट्यात आहे हो." अरे पण बाग नफ्यात असते का? वाचनालय? मैदान? सारसबागेत फिरायला गेल्यावर बाग किती कमावते असं कुणी विचारत नाही. माथेरानची गाडी बंद असते तेव्हा नेरळच्या वडापाववाल्यापासून वरच्या लॉजवाल्यापर्यंत किती जणांचा धंदा बसतो, तो आकडा त्या तोट्याच्या हिशेबात कुणी धरतो का? आणि जी गाडी कधी चालू, कधी बंद, याचा भरवसा नसतो तिच्यासाठी माणूस चारशे किलोमीटरवरून पोराला घेऊन येईल कशाला? आधी भरवसा मोडायचा, मग प्रवासी नाहीत म्हणायचं, हा उलटा न्याय झाला.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. तो मात्र गंभीर आहे आणि मी तो मनापासून मानतो. बागेतली गाडी लहान म्हणून तिची तपासणीही लहान असते, हे चालायचं नाही. रूळ, ब्रेक, डब्याच्या साखळ्या, दारं, गाडीमागून धावणारी पोरं अडवायला माणूस, हे सगळं लागतंच. पण सुरक्षेचं कारण पुढं करून गाडी कायमची झाकून ठेवणं म्हणजे काम टाळणं. तपासा, दुरुस्त करा, चालवा.

मग आपण काय मागायचं? माझ्या मते तीन गोष्टी, आणि तिन्हीला फार पैसा लागत नाही.

एक. ज्या महापालिकांच्या बागांत मुलांच्या गाड्या आहेत, त्यांनी अंदाजपत्रकात त्यांच्या देखभालीची रक्कम वेगळी दाखवावी आणि शेवटची तपासणी कधी झाली याची पाटी तिकीटखिडकीवर लावावी. लिफ्टमध्ये असतं ना प्रमाणपत्र, तसंच. गाडी बंद असेल तर का बंद आणि कधी सुरू होणार, तेही लिहावं.

दोन. रेल्वे सप्ताहातला किमान एक दिवस खराखुरा मुलांचा असावा. भाषणं नकोत. निवृत्त ड्रायव्हर, गार्ड, गँगमन, पॉइंट्समन यांना बोलवा. प्रत्येक जंक्शनच्या गावात ही माणसं आहेत. कुर्डुवाडीत, भुसावळात, मनमाडला, दौंडला, मिरजेत घराघरांत रेल्वेवाले आहेत. त्यांच्या कंदिलाला, बावट्याला, शिटीला हात लावू द्या. सिग्नल म्हणजे काय ते मुलांना खेळून कळू द्या.

तीन. नॅरोगेजचं जे काही उरलंय, डबे, इंजिनं, स्टेशनाच्या इमारती, ते भंगारात जायच्या आधी निदान एका ठिकाणी चालत्या स्थितीत ठेवा. उघड्यावर रंगवून उभं केलेलं इंजिन चांगलं, पण फेरी मारणारं इंजिन शंभर पटींनी चांगलं. खांबावर ठेवलेल्या इंजिनाला पोर पाच मिनिटं बघतं. चालणाऱ्या इंजिनासाठी ते पुन्हा यायचा हट्ट धरतं. आणि हौशी माणसं काय करू शकतात हे बघायचं असेल तर वेल्सला जायला नको. कोथरूडला भाऊ जोशींचं लहान रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं. तिथं पोराला घेऊन जा, बटणावर चालणारं अख्खं शहर बघून मोठी माणसंही लहान होतात.

आता ज्यांनी सुरुवातीचा प्रश्न विचारला त्यांच्यासाठी चार व्यवहारी गोष्टी.

मूल चार वर्षांच्या आतलं असेल तर माथेरानला नेरळपासूनचा पूर्ण प्रवास टाळा, तो दोन तासांहून जास्त चालतो आणि पोर कंटाळतं. दस्तुरीपर्यंत मोटारीनं जाऊन अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी घ्या, तीन किलोमीटरच्या आतली आहे. पावसाळ्यात खालची लाइन बंद असते, तेव्हाही सहसा हीच चालू असते. निघायच्या आधी गाडी चालू आहे का ते विचारून घ्या.

फुलराणीला किंवा कुठल्याही बागेतल्या गाडीला जायचं तर रविवारची संध्याकाळ सोडून जा. पोराच्या झोपेची आणि भुकेची वेळ आधी बघा, गाडीची नंतर. इंजिनाची शिटी जवळून फार मोठी वाटते. लहान मूल घाबरलं तर त्याला हसू नका, चार पावलं मागं घ्या, कानावर हात ठेवायला शिकवा. दुसऱ्या फेरीला तेच पुढं पळेल.

आणि फोटो काढा, पण आधी थोडा वेळ गाडी बघू द्या. रुळावर बसवून, दारात उभं करून फोटो काढायचा मोह तर अजिबात नको. त्या एका फोटोतून पोर जे शिकतं ते दहा वेळा सांगून पुसलं जात नाही.

ज्यांच्या गावात अशी एखादी गाडी होती किंवा आहे, त्यांनी जरूर लिहा. बार्शी लाइननं वारीला गेलेले, शकुंतलेतून शाळेत गेलेले, फुलराणीचं तिकीट काही पैशांना मिळायचं तेव्हा बसलेले कुणी घरात असतील तर त्यांना विचारून त्यांच्या आठवणी नोंदवा. आणि तुमच्या भागातल्या नगरसेवकाला, आमदाराला पुढच्या वेळी भेटाल तेव्हा रस्ता, पाणी, कचरा यांच्याबरोबर हेही विचारा, "साहेब, मुलांची गाडी का बंद आहे आणि कधी सुरू होणार?" उत्तर तारखेसकट मागा. १९५६ च्या पुण्याला जे परवडलं ते आज कुठल्याही शहराला परवडायला हवं.